शब्दाची खुशाली

"आज कोणाकडून काय आणलंत?"

संध्याकाळी आमच्या मुन्शीजींच्या ओट्यावर पाय ठेवला की हा प्रश्न ठरलेला. नव्या माणसाला वाटायचं, म्हातारा भाजीपाल्याची चौकशी करतोय. एकदा पोस्टमन दारात उभा राहून म्हणाला, "मुन्शीजी, आज एकच कार्ड आहे." मुन्शीजी म्हणाले, "कार्ड ठेवा हो तिकडे. शब्द काही आहे का?" बिचाऱ्याने टोपी मागे सारून डोकं खाजवलं आणि बऱ्याच विचाराअंती 'रीडायरेक्ट' हा शब्द काढून दिला. मुन्शीजींनी तो राजाने नजराणा घ्यावा तसा घेतला, वहीत उतरवला आणि शेजारी पोस्टमनचं नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी ते पोस्टात गेले, रांगेत उभे राहिले आणि त्याला सांगून आले, "तुमचा शब्द खुशाल आहे. काल तीनदा वापरला. एकदा तर आमच्या मांजरीवर वापरला. ती शेजारच्या घरात शिरली होती, तिला त्यांनी इकडे लावून दिली."

पुढे मी स्वतः मास्तर झालो आणि विद्वानांच्या गर्दीतच राहिलो. त्यातले काही खरे होते, काही नुसते पागोट्याचे. पण ज्याच्यापुढे मान आपोआप खाली जावी असा माणूस मला एकच भेटला, आणि त्याच्याजवळ कुठल्याही विद्यापीठाचा कागद नव्हता.

मुन्शीजी देवळाली कॅम्पात गोऱ्या लष्करी साहेबांना उर्दू शिकवत. साहेब लोकांना देशी भाषेची परीक्षा द्यावी लागे, तिच्यावर त्यांची बढती अडलेली असे. त्यामुळे मोठमोठे मिशाळ कप्तान ह्या हडकुळ्या माणसापुढे शाळकरी पोरांसारखे बसायचे. अंगात काळी शेरवानी, तिच्या कोपरांना चाचीजानने, म्हणजे त्यांच्या बेगमने, लावलेली ठिगळं, मेंदी लावलेली दाढी आणि बगलेत छत्री. ती छत्री उघडलेली मी कधी पाहिली नाही. पाऊस आला की ते कोणाच्या तरी वळचणीला उभे राहत. छत्री उघडली की माणूस एकटा चालतो, वळचणीला चार माणसं भेटतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

चौतीस-पस्तीस साल असेल. मी निफाड तालुक्यातल्या एका खेड्यातून मॅट्रिक होऊन नाशिकच्या कॉलेजात आलो होतो. आमच्या सात पिढ्यांत कॉलेज कोणी बाहेरूनसुद्धा पाहिलं नव्हतं. निफाडच्या बाजारात कापडाचे गठ्ठे घेऊन बसणारा एक व्यापारी माझ्या वडिलांच्या ओळखीचा होता. त्याच्या मामांच्या घरची वरची खोली रिकामी होती, ते मामा म्हणजे मुन्शीजी. जेवायला खाणावळ आणि राहायला ही खोली. माझ्याबरोबर नांदगावचा एक मुलगा होता. मुन्शीजी आम्हाला गावावरूनच हाक मारत. तो नांदगावकर, मी निफाडकर. "गावाचं नाव घेऊन हाक मारली की माणूस जपून वागतो," असं ते म्हणत.

निघताना वडिलांनी मला बजावलं होतं, "एक साल देतो. पास झाला तर शिक पुढं. नाय झाला तर नांगर तुझी वाट पाहतोय." ते रागाने बोलले नव्हते. घरात हात कमी होते, धाकटे दोघे अजून लहान होते आणि माझ्या कॉलेजपायी वडिलांना दोन माणसांचं काम करावं लागत होतं. मला नांगराची लाज नव्हती, पण शिकायची भूक मात्र आतडी पिळवटून टाकणारी होती. आणि सहामाहीत मी इंग्रजीत सपशेल आपटलो.

आपटलो तोही थाटात. शब्द वाढवायचे म्हणून मी डिक्शनरी पहिल्या पानापासून पाठ करायला घेतली होती. दिवाळीपर्यंत 'सी' अक्षर संपत आलं. परीक्षेत निबंध आला 'माझं गाव'. पाठ केलेलं सगळं मी त्यात ओतलं. आमच्या प्रोफेसरांनी तो भर वर्गात वाचून दाखवला. मी बैलांना 'बेनेव्होलंट' आणि गावच्या पाटलांना 'कार्निव्होरस' म्हटलं होतं, म्हणजे बैल परोपकारी आणि पाटील मांसाहारी. वर्ग हसून हसून लोळला. ह्या मुलाची गाडी 'डी'पर्यंत पोचली असती तर गावात काय उरलं असतं, असंही प्रोफेसर वर म्हणाले.

त्या संध्याकाळी मी डिक्शनरी उशाला घेऊन पडलो होतो. मुन्शीजी जिना चढून वर आले. नांदगावकराने त्यांना सगळी हकीकत तिखटमीठ लावून सांगितली. मला वाटलं, हे पण हसणार. त्यांनी डिक्शनरी हातात घेतली, वजन केल्यासारखी वरखाली केली आणि म्हणाले, "ही खानेसुमारीची वही आहे, बेटा. हिच्यात सगळ्यांची नावं आहेत, ओळख एकाचीही नाही. खानेसुमारी पाठ करून कोणाला सोयरीक जमवता आली आहे का?"

मग त्यांनी मला आपला कायदा सांगितला. रोज एक शब्द, जास्त नाही. तो जिवंत माणसाकडून घ्यायचा, त्याच्या तोंडून, त्याच्या कामाच्या जागी. दिवस मावळायच्या आत तीन वेळा वापरायचा. आणि नंतर देणाऱ्याला भेटून त्या शब्दाची खुशाली कळवायची. "लेक दिल्यासारखं आहे हे," ते म्हणाले. "ज्याने दिली त्याला ती सुखात आहे की नाही, कळायला नको?"

मला हे वेड वाटलं, पण दुसरा उपायही नव्हता. मी शब्द मागत नाशिकभर फिरू लागलो आणि हळूहळू एक चमत्कार घडायला लागला. कोर्टातल्या कारकुनाने मला 'पोस्टपोन' दिला, तेव्हा भिंतीला टेकून तीन म्हातारे बसले होते. पहाटे निघून आले होते, भाकरीचं फडकं सोडून बसले होते आणि त्यांना पुढच्या महिन्यात या असं सांगितलं होतं. तो शब्द मी विसरूच शकलो नाही. गुरांच्या डॉक्टरांनी 'रिलक्टंट' दिला, तो एका खोंडाला चार जण ढकलत असताना. स्टेशनवरच्या गार्डने बूट काढता काढता 'एक्झॉस्टेड' दिला. पूर्वी शब्द माझ्या डोक्यातून धान्य फाटक्या पोत्यातून सांडावं तसे सांडत होते. आता एकेका शब्दाला चेहरा होता, घामाचा वास होता.

कॅम्पातही मुन्शीजींची हीच रीत होती. एक कप्तान किताब पाठ करून एवढा पंडित झाला होता की, घोड्याला पाणी दाखव हे तो मोतद्दाराला शायरीत सांगायचा. मोतद्दाराला वाटलं, साहेबाला ऊन लागलं, आणि तो डॉक्टरला घेऊन आला. त्या दिवसापासून मुन्शीजी नव्या साहेबाला पहिला धडा देवळालीच्या बाजारात द्यायचे. बटाटेवाल्याशी घासाघीस करायची आणि बटाटेवाला हसला पाहिजे. जो ते हसू न मिळवता परत येई त्याचा तो दिवस फुकट गेला असं समजायचं. गोरे साहेब भर उन्हात बटाटेवाल्यापुढे उभे आहेत आणि मागे आमचे मुन्शीजी मिटलेली छत्री घेऊन उभे आहेत, हे दृश्य कॅम्पात नेहमीचं होतं.

शब्दाला भाषेचा विटाळ त्यांना नव्हता. इंग्रजी, मराठी, उर्दू, अहिराणी, जे मिळेल ते. एकदा ते तांबट आळीत दोन तास उभे होते. घडवलेल्या हंड्यावर बारीक ठोके मारत त्याला मजबुती आणतात, त्याला तांबट मठारणं म्हणतात, हे त्यांना तिथे मिळालं. घरी आले ते थेट माझ्या वहीकडे. "निफाडकर, निबंध घडवलात. छान. आता मठारा." तेव्हापासून मी लिहिलेलं कधी एकदा लिहून सोडलं नाही.

पण शब्दांहून मोठी गोष्ट होती ती त्यांच्या भिंतीवर.

मुन्शीजींचं म्हणणं होतं की कुठलीही चांगली सवय अंगात मुरायला एक चिल्ला लागतो. चिल्ला म्हणजे चाळीस दिवसांचं व्रत. एक दिवस जरी चुकला तरी मागचे पुरे झालेले चिल्लेसुद्धा मोडून पुन्हा पहिल्यापासून. हिशेब चिंचोक्यांनी ठेवायचा. दिवस पाळला की एक चिंचोका डाव्या वाडग्यातून उजव्या वाडग्यात. चाळीस झाले की चाचीजान ते चाळीस चिंचोके एका कापडाच्या तुकड्यात बांधून, वरून टाके घालून पुरचुंडी करत आणि मुन्शीजी ती भिंतीच्या खुंटीला टांगत. 'रोज एक नवा शब्द' ही त्यांची सवय अकरा वर्षं होत आली होती. मी राहायला गेलो तेव्हा ओळीने पुरचुंड्या लटकत होत्या, जुन्या लुगड्यांच्या, शेरवानीच्या अस्तराच्या, पडद्याच्या तुकड्यांच्या. अकरा वर्षांत एकही दिवस मोडला नव्हता. टायफॉइडमध्ये शुद्ध हरपत असताना त्यांनी हकीमसाहेबांचा हात धरून नाडीच्या चालीचं नाव विचारून घेतलं होतं. सख्खा भाऊ वारला त्या दिवशी कबर खोदणाऱ्याकडून शब्द घेतला होता आणि चाळिसाव्याला त्याच्या घरी जाऊन खुशाली सांगितली होती. मी त्या भिंतीपुढे उभा राहायचो तेव्हा देवळात उभं असल्यासारखं वाटायचं. आपल्याला साधं पहाटे उठणं आठवडाभर जमत नाही, आणि हा माणूस अकरा वर्षं रोज जगाकडून काहीतरी शिकून झोपतोय.

त्या जानेवारीत नव्व्याण्णव पुरचुंड्या भरल्या होत्या आणि शंभरावी चालू होती. चाचीजान पडद्याआडून आम्हाला ऐकवायच्या. त्या आमच्यासमोर येत नसत, त्यांचा आवाज आणि सणासुदीला ताट सरकवणारा हात एवढंच आम्हाला ठाऊक. "शंभरावी शिवून झाली की मी ह्यांच्याकडे एक दिवस मागणार आहे. त्या दिवशी घरात नवीन शब्द आणायचा नाही. जुन्याच शब्दांत माझ्याशी बोलायचं."

माझाही चिल्ला चालू होता. एकतिसावा दिवस. रविवार होता, गंगापूरकडे कुस्त्यांचा फड होता आणि मी दिवसभर तिकडे आरोळ्या ठोकत बसलो. परत आलो तेव्हा ऊन पार उतरलं होतं आणि माझ्याकडे शब्द नव्हता. नांदगावकर म्हणाला, "लेका, काय मरतोस! उघड डिक्शनरी, सांग कोणाचं तरी नाव. कोण जातंय विचारायला?"

मी डिक्शनरी उघडली. 'एम'चं पान निघालं. त्यातला भारी दिसणारा शब्द उचलला, 'मॅग्नॅनिमस', मोठ्या मनाचा. खाली गेलो तर मुन्शीजी घोंगडी पांघरून बसले होते. त्यांना दोन दिवस खोकला होता, हकीमसाहेबांनी बाहेर पडू नका म्हणून सांगितलं होतं. समोर वही उघडी, पान कोरं.

"आज कोणाकडून काय आणलंत?"

मी शब्द सांगितला. त्यांचा चेहरा उजळला. "वाह! कोणाचा?"

लांबचा माणूस बरा म्हणून मी म्हणालो, "नाशिकरोडच्या बुकिंग क्लार्कचा." आणि तोंड उघडलंच होतं तर पुढचीही कथा रचली. एका आजीला रांगेत उभं राहवेना, पुढच्या गृहस्थाने तिला आपली जागा दिली आणि स्वतः शेवटी जाऊन उभा राहिला, तेव्हा क्लार्क हा शब्द बोलला.

मुन्शीजी डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "निफाडकर, आज मी घराबाहेर पडलो नाही आणि घरीही कोणी आलं नाही. माझा दिवस रिकामा जात होता. हा तुमचा शब्द मीही घेतो. हरकत नाही ना?"

त्या क्षणी खरं बोललो असतो तर! अजून दिवस मावळायचा होता, गल्लीत माणसं होती, मी धावत जाऊन कोणाला तरी बोलावून आणलं असतं. पण मी म्हणालो, "छे छे, हरकत कसली!" त्यांनी शब्द लिहिला, क्लार्कचं नाव लिहिलं आणि उजव्या वाडग्यात चिंचोका टाकला. त्याचा टक् असा आवाज झाला.

दुसऱ्या दिवशी खोकला कमी होता, म्हणून ते सर्व्हिस मोटारीने कॅम्पात गेले. येताना नाशिकरोडला उतरले. कशाला? तर खुशाली कळवायला! खिडकीपुढे रांगेत उभे राहिले आणि नंबर आल्यावर त्या क्लार्कला म्हणाले, "आपला शब्द खुशाल आहे. आज एका मेजरसाहेबांना मी तो ऐकवला." क्लार्क म्हणाला, "कुठला शब्द? बाबा, तिकीट कुठलं हवंय ते सांगा."

हे सगळं मुन्शीजींनी मला ओट्यावर बसून शांतपणे सांगितलं. मला वाटलं, आता हे माझी वळकटी रस्त्यावर फेकणार. ते उठले, आत गेले आणि खुंट्यांवरून पुरचुंड्या काढायला लागले. एक, दोन, दहा. चटईवर ढीग झाला. मग पडद्याकडे तोंड करून म्हणाले, "अजी, कात्री द्या जरा."

"कशाला?"

"दिवस मोडला."

पडद्याआड भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. "या अल्ला! शंभराव्यात? कोणी मोडला?"

मी त्यांच्या मागेच उभा होतो. मुन्शीजींनी मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

"मी," ते म्हणाले.

कात्री आली. थोड्या वेळाने पडद्याखालून तोच हात बाहेर आला आणि ढिगातल्या निम्म्या पुरचुंड्या आत ओढून घेऊन गेला. ती दोघं पडद्याच्या दोन बाजूंना बसून टाके उसवत होती. अकरा वर्षांचे चिंचोके पुन्हा डाव्या वाडग्यात. वाडगा भरला, मग घमेलं आणावं लागलं. मी रडत होतो. मी म्हणालो, "मुन्शीजी, तुम्ही फसवले गेलात. तुमची काय चूक? राहू द्या ना त्या." ते म्हणाले, "वही माझी आहे, बेटा. मी देणाऱ्याला न विचारता लिहिलं. तुमची आणि माझी, दोघांचीही उद्यापासून पहिली."

मी वहीतला तो शब्द खोडा म्हणालो. त्यांनी तो खोडला नाही, फक्त क्लार्कच्या नावावर रेघ मारली आणि पुढची जागा कोरी ठेवली. "शब्दाचा काय गुन्हा? देणारा कोणी ना कोणी असेल. सापडला की तुम्ही लिहा."

माझ्याने ते घर सोसवेना. ज्या भिंतीपुढे मी उभा राहायचो ती नुसत्या खुंट्यांची झाली होती. अशा माणसाच्या घरात राहायची आपली लायकी नाही, कॉलेजचीही नाही, असं ठरवून मी वडिलांना पत्र टाकलं की मला न्यायला या.

चार दिवसांनी वडील आले. ओट्याच्या कडेला पाय खाली सोडून बसले. आत या म्हटलं तरी येईनात, पाय मळके आहेत म्हणाले. मुन्शीजी मग त्यांच्याशेजारी तसेच पाय सोडून बसले. वडिलांनी मला विचारलं, "कामून बोलावलं रं?" मी खाली मान घालून सगळं सांगितलं, सहामाही, निबंध, खोटा शब्द, चिंचोके. एक अक्षर लपवलं नाही.

वडिलांनी पाय जमिनीला टेकवले. मग म्हणाले, "आपल्या घरात खोटं कोन बोलत नाय. येवढं शिकून खोटंच शिकला. चल, बांध वळकटी. रान ओलवलंय परवाच, हात लागतील."

माझं सगळं संपलं हे मला कळलं. मी उठलो. तेवढ्यात मुन्शीजींनी वडिलांना विचारलं, "पाटाचं पाणी आलं म्हणायचं. मग आता लगेच पेरणार?"

"लगीच कसं पेरंल कोनी? वाफसा याया पाह्यजे."

मुन्शीजी ताठ बसले. "काय यायला पाहिजे?"

"वाफसा. आता कसं सांगावं तुमास्नी... रान भिजलं का लय चिखल व्हतो. त्यात पेरलं तर बी सडतंय. लय वाळू दिलं तर उगवत नाय. मधला टाइम असतो. सकाळच्याला ढेकूळ हातात घ्यायचं अन् दाबायचं. फुटलं पायजे, पर हाताला चिकटाया नाय पायजे. मंग समजायचं, वाफसा आला."

"आणि तोवर काय करायचं?"

"काय करनार? बांधावर बसायचं. चिखलात घाई केली तर साल जातं."

"निफाडकर, वही आणा," मुन्शीजी म्हणाले. त्यांनी शब्द लिहिला, वडिलांचं पूर्ण नाव विचारून शेजारी लिहिलं, गाव लिहिलं. मग वडिलांना जागेवरूनच आदाब केला. माझ्या वडिलांना उभ्या जन्मात कोणी लिहिणाऱ्या माणसाने काही विचारलं नव्हतं, फक्त अंगठा कुठे करायचा ते दाखवलं होतं. ते त्या वहीतल्या आपल्या नावाकडे पाहत राहिले. त्यांना ते वाचता येत नव्हतं.

"ह्ये माझं नाव?"

"आपलंच. शब्द आपण दिलात."

वडिलांनी टोपी काढली, पुन्हा घातली. माझ्याकडे पाहिलं. मी वळकटी बांधायला जिन्यापर्यंत गेलो होतो. ते मुन्शीजींना म्हणाले, "तुमचं येवढं नुकसान केलं ह्यानं, तरी तुमी ठेवता?"

"मी बांधावर बसलोय," मुन्शीजी म्हणाले.

वडील उठले. धोतर झटकलं आणि मला म्हणाले, "ऱ्हा मंग. परीक्षेपावतर ऱ्हा." आणि खाणावळीत जेवायलासुद्धा न थांबता निघून गेले.

त्यानंतर परीक्षेपर्यंत मी दोन चिल्ले पुरे केले. ह्यात माझी शेखी नाही. शेजारच्या वाडग्यात साठीच्या घरातला माणूस पुन्हा एक नंबरपासून चिंचोके टाकत होता, त्याच्यादेखत कोण चुकेल? मी पास झालो, काठावर का होईना. इंग्रजीच्या पेपरात मी लिहिलेला एकेक शब्द मला माणसासकट आठवत होता.

निकाल घेऊन गावी गेलो तर ओसरीवर मुन्शीजी बसलेले! शेरवानी, छत्री, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. खुशाली कळवायला आले होते. एक कप्तान परीक्षेत नापास होऊन लगेच दुसऱ्यांदा बसायला निघाला होता. मुन्शीजींनी त्याला वाफसा म्हणजे काय ते सांगून थांबवलं. कप्तान थांबला, पास झाला आणि त्याने तो शब्द आपल्या डायरीत वडिलांच्या नावासकट उतरवून घेतला. पुढे तो विलायतेला गेला. माझे वडील शेवटपर्यंत सांगत, "माझा एक शबूद विलायतेला दिलाय." आमचे धाकटे दोघेही त्यानंतर शिकले. त्यांना एक साल, दोन साल अशी मुदत वडिलांनी घातली नाही.

मी नांदगावला शाळेत मास्तर असताना मुन्शीजी गेल्याचं कार्ड आलं. लढाई सुरू झाल्याची बातमी त्यानंतर महिन्याभरात आली. मी नाशिकला गेलो. खुंटीवर एक्केचाळीस पुरचुंड्या होत्या आणि उजव्या वाडग्यात सतरा चिंचोके. चाचीजान पडद्याआड होत्या. तो हात बाहेर आला, त्यात वही होती. "म्हणाले होते, ही निफाडकरांना द्या. त्यांचं एक नाव लिहायचं राहिलंय."

मी ते पान काढलं. साडेचार वर्षं झाली होती तरी ती जागा तशीच कोरी होती. मी पडद्यापुढे बसलो आणि जे त्या दिवशी बोलायला हवं होतं ते बोललो. "चाचीजान, तो दिवस मुन्शीजींनी नाही मोडला. मी मोडला. ते तुमच्याशी माझ्यासाठी खोटं बोलले."

पलीकडे चटई सरकल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "मला त्याच दिवशी माहीत होतं, बेटा. सवय मोडेल असा माणूस होता का तो? एकेक टाका उसवताना मी तुझ्या नावाने बोटं मोडत होते. मग ते मला म्हणाले, रागवा, पण मोजून रागवा. चाळीस दिवस झाले तर सवय लागेल." त्यांनी पडदा सारखा केला. "मी एकोणचाळिसाव्या दिवशी राग सोडून दिला."

मी पेन काढलं आणि 'मॅग्नॅनिमस'पुढच्या कोऱ्या जागेत त्या दोघांची नावं लिहिली.